शनिवारचा वस्तरा

एक्स-रे खात्यातली ड्यूटी संपवून सून घरी आली तेव्हा बेसिनचा नळ धो धो वाहत होता आणि सासरा त्याखाली हात धरून उभा होता. पाणी गुलाबी होऊन जाळीत उतरत होतं.

"काही नाही, काही नाही," तिच्या पावलांच्या आवाजाकडे मान वळवून तो म्हणाला. "जरासं खरचटलंय."

जरासं नव्हतं. अंगठ्याच्या पेरापासून खाली तळव्यापर्यंत सरळ, स्वच्छ चीर गेली होती, पट्टीने आखावी तशी. तिने हात फडक्यात घट्ट गुंडाळला, त्याला खुर्चीवर बसवून हात वर धरायला लावला, आणि मग कुठे तिचं टेबलाकडे लक्ष गेलं. निळ्या कापडाची पेटी उघडी होती. शेजारी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली कलंडून ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत आला होता.

सासऱ्याला सगळं जग बाइंडर म्हणायचं. दुकानदार, शेजारी, सख्खी धाकटी बहीणसुद्धा. आयुष्यभर त्याने एका जुन्या छापखान्यात पुस्तकं बांधली होती. घड्या घातलेल्या छापील कागदांचे फर्मे शिवायचे, सरस लावायचा, पुठ्ठा कापायचा, चामड्याच्या कडा कागदाइतक्या पातळ तासायच्या. पुढे काचबिंदूने डोळे खाल्ले. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं, आणि आता नुसता उजेड-अंधार तेवढा कळायचा.

वस्तरे हा त्याचा एकुलता एक शौक. उघडमिटीचे, लांब पात्याचे, जुन्या काळचे दहा वस्तरे. पेटी त्याने स्वतः बांधलेली; प्रत्येकाला त्याच्या मापाचा खळगा. दर रविवारी सगळे काढायचे, पुसायचे, तेलाचं बोट फिरवायचं आणि परत निजवायचे. स्वतःची दाढी मात्र तो साध्या ब्लेडने करी. "हे काय दाढी करायला आहेत?" असं वर विचारी. डोळे गेल्यावर रविवारचं काम मुलाने उचललं. मागच्या हिवाळ्यात मुलगा गेला, आणि तेव्हापासून पेटीला कोणी हात लावला नव्हता.

मुलाला घरात 'चिरंजीव' म्हणत. तो रांगत असताना बापाने थट्टेने सुरू केलं, "चिरंजीव उठले का?", "चिरंजीवांना आज भूक नाही वाटतं," आणि तेच चिकटलं. लग्न होऊन आल्यावर सूनही नवऱ्याला गमतीने तेच म्हणू लागली. चिरंजीव लिफ्ट बसवायचा, दुरुस्त करायचा, गावोगाव हिंडायचा. छत्तिसाव्या वर्षी त्याला रक्ताच्या आजाराने नेलं. आता तो शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. दोघं एकमेकांशी 'तो' म्हणून बोलत, आणि शक्यतो तेही टाळत.

"गंज चढत असेल म्हणून काढले," बाइंडर म्हणाला.

"मला सांगायचं, बाबा."

"तुला काय सांगायचं? तुला त्यांची भीती वाटते."

ते खरं होतं. पहिल्यांदा पेटी पाहिली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता.

"वाटते तर वाटते," ती म्हणाली. "रविवारी मी करते. तुम्ही शेजारी बसून सांगा."

त्या रविवारपासून रीत पडली. ती एकेक वस्तरा मिटलेलाच त्याच्या हातात देई. तो तळहातावर तोलून, मूठ अंगठ्याने चाचपून म्हणे, "हा अमका," आणि मग ती पुसत असेपर्यंत तो कसा आला ते सांगे.

सगळ्यात आधी उस्तादांचा. त्याचं पातं झिजून झिजून करंगळीएवढंच उरलेलं.

"मी छापखान्यात नवा. चामडं तासायला दिलं की भोक पाडायचो. एके दिवशी एका जाड ग्रंथाचं अख्खं चामडं वाया घालवलं. उस्ताद रागावले नाहीत. दुपारी जेवून आले आणि हा माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, 'चाकू तुझ्यावर रुसलाय, हा धरून बघ.' दाढीला निकामी झालेला वस्तरा चामड्याला असा चालतो म्हणून सांगू! पुढे उस्ताद काम सोडून गावी गेले, तेव्हा हा न्यायला विसरले."

"विसरले की मुद्दाम ठेवला?"

"मी विचारायला गेलो नाही. परत मागितला असता म्हणजे?"

दुसरा काळ्या शिंगाच्या मुठीचा, कर्णेवाल्याचा. वरच्या मजल्यावर बँडमध्ये कर्णा वाजवणारा एक गृहस्थ राहायचा. ओठाजवळ खुंट वाढले की सूर फाटतो म्हणून दिवसातून दोनदा दाढी करायचा. तो वारला तेव्हा त्याची बायको सगळं सामान काढून टाकत होती. बाइंडरने जिन्यात भीत भीत वस्तऱ्याचं विचारलं.

"म्हणाली, 'न्या. पण एक करायचं. जिन्यात भेटलात की त्यांच्याबद्दल काहीतरी बोलायचं. लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. त्यांचं कोणी काढतच नाही हो.' मग काय, रोज काहीतरी शोधून ठेवायचो. त्यांची टोपी. त्यांचा खोकला. एकदा तर काहीच सुचेना, म्हटलं, 'साहेब जिना फार हळू चढायचे.' तेवढ्यावरसुद्धा खूश झाली."

सून पातं पुसत होती. बाइंडर बोलायचा थांबला. मग मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच तो म्हणाला, "चिरंजीवाला हा आवडायचा. याची मूठ."

"हो," ती म्हणाली. "मला सांगायचा."

त्यानंतर तो शब्द घरात परत आला.

तिसऱ्या वस्तऱ्याचं नाव 'चप्पल'. सासूबाईंची चप्पल तुटली म्हणून बाइंडर नवी आणायला बाजारात गेला आणि वाटेत एका भंगारवाल्याच्या चादरीवर पांढऱ्या मुठीचा हा वस्तरा दिसला. चप्पल राहिली, वस्तरा आला. सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी पाहुणे आले, त्यांनी विचारलं, "वहिनी, अनवाणी का?" तर त्या आत गेल्या, वस्तरा घेऊन आल्या आणि पाहुण्यांच्या हातात देऊन म्हणाल्या, "ही बघा माझी नवी चप्पल. जरा चावते."

हे सांगताना बाइंडरला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दिसत नसलं तरी चष्मा तो लावतच असे.

उरलेले सात म्हणजे एक संच होता. प्रत्येकाच्या पाठीवर एकेका वाराचं नाव. जुन्या काळी हौशी लोक रोज वेगळा वस्तरा वापरत, म्हणजे प्रत्येक पात्याला आठवडाभर विश्रांती. स्टेशनासमोरचं एक हॉटेल पाडायचं ठरलं, तेव्हा त्याच्या तळमजल्यावरच्या सलूनचा माल विक्रीला निघाला. चिरंजीव तेव्हा शाळकरी. मोडक्या खुर्चीखाली हात घालून त्यानेच हा डबा ओढून काढला. आत पाच होते. मंगळवार आणि शनिवारची जागा रिकामी.

मंगळवार सासूबाईंनी आणला. ज्या बाईने जन्मभर या शौकाच्या नावाने बोटं मोडली, तिने! मैत्रिणीकडे गेल्या होत्या. मैत्रिणीचा नवरा अंगणात बसून पायाचं कुरूप कापत होता. यांची नजर गेली, तर हातात वस्तरा, आणि पाठीवर 'मंगळवार'. काय बोलल्या, कसं पटवलं कोणास ठाऊक, पण स्वतःचा कोरा प्रेशर कुकर देऊन वस्तरा घेऊन आल्या. घरी येऊन टेबलावर आपटला. "घ्या. आता वरण पातेल्यात शिजेल, दोन तास लागतील, कुरकुर करायची नाही." पुढच्या वर्षी त्या गेल्या.

आणि शनिवार.

शनिवार शेवटचा आला, बाइंडरची नजर पुरती जायच्या बेतात असताना. चिरंजीव लिफ्ट बसवायला नदीपलीकडच्या एका लांबच्या गावी गेला होता. तिथे बोळात लाकडी जिन्यावरती एक जुन्या वस्तूंचं दुकान. चालवणारी म्हातारी ठार बहिरी. तराजूच्या पारड्यात एक काणं मांजर झोपलेलं. काही तोलायचं झालं की आधी मांजर उचलायचं. म्हातारीला वस्तरा हा शब्दच ऐकू जाईना, म्हणून चिरंजीवाने गालावर हात फिरवून दाखवला, तर तिला वाटलं दाढ दुखतेय. तिने लवंग आणून दिली. शेवटी लवंगेची बरणी ठेवायला ती वळली तेव्हा मागच्या फळीवर, घड्याळाच्या किल्ल्यांमध्ये, शनिवार!

ही गोष्ट बाइंडर सगळ्यात जास्त खुलवून सांगे. दर खेपेला जिना थोडा उंच होई, मांजर थोडं जाड होई. सून तेल लावत 'हं, हं' म्हणे. त्या वेळी तिचे हात जरा मंद चालत.

कारण ती गोष्ट खोटी होती, आणि हे जिवंत माणसांत फक्त तिला माहीत होतं.

वर्ष उलटलं तशी बाइंडरची बहीण फोनवर सुनेच्या मागे लागली. तिच्या ओळखीत एक भूगोलाचे मास्तर होते, विधुर, शांत स्वभावाचे. सून आधी चिडली, मग रडली, मग एकदा भेटायला तयार झाली. मास्तर बोलायला बरे होते. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "एक्स-रे काढताना तुम्ही 'श्वास रोखा' म्हणता, आणि माणूस सोडायलाच विसरला तर?" ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

घरी सांगायचं कसं, याच विचारात ती आठवडाभर होती. बाइंडरनेच विषय काढला. "माझ्या बहिणीच्या पोटात काही राहतं का? मला सगळं कळलंय. तू जा. मी काय तुला कुलूप लावून ठेवू?"

"आणि तुम्ही?"

"मी तिच्याकडे जाईन. तिला तेवढंच रागवायला कोणीतरी."

तारीख ठरली. मास्तरांचं गाव नदीपलीकडे होतं.

घरातला शेवटचा रविवार आला. खोल्यांमध्ये अर्धे खोके भरलेले. सुनेने नेहमीसारखी पेटी उघडली. उस्ताद झाले, कर्णेवाला झाला, चप्पल झाली, वार झाले. शनिवार हातात आल्यावर बाइंडर खुर्चीत पुढे सरकला.

"मी काय म्हणतो, मास्तरांचं गाव म्हणजे त्याच बाजूला की. ते दुकान तिथून लांब नसणार. एकदा जाऊन ये. म्हातारी असेल तर तिला सांग, त्या दाढदुखीवाल्या पोराच्या बापाने आभार मानलेत म्हणून. बहिरी आहे, मोठ्याने सांग. आणि नसलीच, तर दुकान तरी बघून ये. जिना मोज. मला फोनवर सांग."

सुनेला वाटलं, 'बरं' म्हणावं आणि मोकळं व्हावं. मग फोनवर जिन्याच्या पायऱ्याही खोट्याच सांगाव्यात, म्हातारी गेली म्हणावं, मांजराची पिल्लं आहेत म्हणावं. जमलंही असतं. पण मग खरं काय झालं होतं ते तिच्याबरोबर नव्या घरात जाणार, आणि तिथे ते कोणाला सांगणार? आणि ज्याच्यासाठी झालं, त्यालाच ते कधी कळणार नाही.

"बाबा," ती म्हणाली, "ते दुकान नाहीये."

"बंद झालं?"

"नव्हतंच. त्याने रचून सांगितलं तुम्हाला."

बाइंडर हसला. त्याला थट्टा वाटली. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि हळूहळू विरलं.

तिने सांगितलं. शनिवार चिरंजीवाने पाच-सहा वर्षं शोधला होता, जाईल त्या गावात. मिळाला नाही. बाइंडरची नजर भराभर उतरत चालली, तेव्हा त्याने ठरवलं की बाबांना दिसतंय तोवर डबा भरलेला दिसला पाहिजे. तशाच बनावटीचे तीन कोरे वस्तरे त्याने मिळवले आणि बक्षिसांच्या कप-ढालींवर नावं कोरणाऱ्या एका कारागिराकडे नेले. पोलाद इतकं कडक की कारागिराची सुई घसरे. नरम करायला त्याने पहिला तापवला. तो निळा पडून वाकडा झाला. दुसरा पकडीत आवळताना तडकला. कारागिराने हात जोडले. शेवटी त्याच्याकडून आम्ल घेऊन चिरंजीवाने तिसरा स्वतःच करायचा ठरवला.

"कुठे? घरी तर नाही."

"आमच्या खात्यात. फिल्म धुवायची जुनी अंधारखोली होती ना, आता वापरात नाही, तिथे. सुट्टीच्या दुपारी. मी दाराशी उभी होते, कोणी येऊ नये म्हणून. त्याने पात्यावर मेण लावलं, शुक्रवारचा वस्तरा नमुन्याला समोर ठेवला आणि सुईने मेणात एकेक अक्षर कोरलं. मग आम्ल. त्याच्या बोटाला डाग पडला होता, आठवतो?"

"मी विचारलं होतं. ग्रीस म्हणाला."

"हो."

बाइंडरने विचारलं, "तेव्हा त्याला... आजाराचं कळलं होतं?"

"रिपोर्ट आले होते. तुम्हाला सांगणार होता तो. म्हणाला, आधी हे देतो, मग ते सांगतो."

"आणि म्हातारी?"

"नाही, बाबा."

"मांजर?"

तिने मान हलवली, मग त्याला दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "नाही."

"मी जायचो गं तिथे," बाइंडर म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "झोप लागत नाही तेव्हा. जिना चढायचो. तो पुढे, मी मागे. सगळं दिसायचं मला. फळ्यांवर काय काय ठेवलंय ते सगळं. दुसरीकडे कुठे मला आता दिसतंय?"

तो उठला, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. शनिवार टेबलावर उघडाच राहिला. सुनेने तो पुसला, मिटला, ठेवला. आपण काय करून बसलो, असं तिला झालं. आंधळ्या माणसाला एक जागा होती जिथे त्याला दिसत होतं, आणि तिने ती काढून घेतली होती.

दोन दिवस तो जेवढ्यास तेवढं बोलला. चहा हवा, चहा नको. तिसऱ्या दिवशी ती खोक्यांवर दोरी बांधत असताना दारात येऊन उभा राहिला.

"ते बिघडलेले दोन. फेकले?"

"नाही. माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत."

"आण."

तिने आणले. त्याने निळ्या पडलेल्याचं वाकडं पातं बोटाने वरपासून खालपर्यंत पाहिलं. तडकलेल्याची तड नखाने शोधली. मग म्हणाला, "पेटी आण. आणि उस्तादांचा वस्तरा दे. यांना जागा करायची."

पेटीच्या एका बाजूला रुंद कड होती. कापायचं तिला होतं, सांगायचं त्याने. त्याने तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "दाबू नकोस. ओढ. पुठ्ठ्याला घाई कळते." तिच्या हाताला घाम सुटला, पण दुपारपर्यंत दोन खळगे झाले, जरा वेडेवाकडे. त्याने त्यात कापड चिकटवलं, तेही तिच्या बोटांनी.

काम झाल्यावर त्याने शनिवार मागितला. तो उघडून पाठीवरच्या अक्षरांवरून नख फिरवलं.

"बाकीच्यांची अक्षरं झिजून गुळगुळीत झालीत," तो म्हणाला. "हीच नखाला लागतात. माझ्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं, शनिवारी कारागीर दमला असेल, जोर जास्त लावला असेल. माणूस स्वतःची समजूत कशी काढतो बघ."

"ते त्याचं अक्षर आहे, बाबा. म्हणून सांगितलं मी."

"हं." नख पहिल्या अक्षरावर परत गेलं. "याचा श. शाळेत पट्ट्या खाल्ल्या यापायी. गाठ सुटलेलीच काढायचा." त्याने ते अक्षर पुन्हा पुन्हा गिरवलं. मग मुलगा गेल्यापासून जो माणूस तिच्यापुढे एकदाही रडला नव्हता, तो वस्तरा मिटून मांडीवर ठेवून मोठमोठ्याने रडला. तिने त्याला अडवलं नाही. नुसता वस्तरा उचलून बाजूला ठेवला.

सून मास्तरांच्या घरी गेली. बाइंडर बहिणीकडे राहायला गेला. बहिणीला पात्यांची भयंकर धास्ती. तिने पेटी माळ्यावर टाकून कुलूप लावलं. एक वस्तरा मात्र बाइंडरने दिला नाही. फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. बहिणीने कधी खिशात हात घातला नाही; फोनवर त्याने ते फक्त सुनेला सांगितलं. दर रविवारी सुनेचा फोन जाई. सुरुवातीला तो फार बोलत नसे. पुढे विचारू लागला, अंधारखोलीत दिवा कोणत्या रंगाचा होता, तो उभा होता की बसलेला, काही गुणगुणत होता का. ती आठवेल ते सांगे.

दीड वर्षाने बहिणीचा फोन आला. बाइंडर झोपेतच गेला होता.

सून आणि मास्तर जाऊन आले तेव्हा बहिणीने दिवसकार्य उरकेपर्यंत पेटीचा विषय काढला नाही. मग काही दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि माळ्यावरून पेटी काढून सुनेपुढे ठेवली. "ही तुझी. मला घरात नको बाई."

सुनेने उघडली. उस्ताद, कर्णेवाला, चप्पल. रविवार ते शुक्रवार. निळा पडलेला आणि तडकलेला. शनिवारचा खळगा रिकामा.

"आत्या, त्यांचा कोट कुठाय?"

"कोट? कपडे सगळे देऊन टाकले. जुने कपडे गोळा करतात ना, चौकापलीकडे, तिथे. का गं?"

सुनेने सांगितलं तशी आत्याने तोंडावर हात घेतला. तिला खरंच माहीत नव्हतं. ती बिचारी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "मी नुसती घडी घातली गं, नुसती घडी घातली."

चौकापलीकडे एका जुन्या गोदामात कपड्यांचे ढीग होते. शर्टांचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा, कोटांचा भिंतीशी. सांभाळणारी बाई भली होती. तिने सुनेला स्वतः शोधू दिलं. सुनेने एकेक कोट उचलला, आतल्या खिशात हात घातला. एकात चुरगाळलेलं तिकीट निघालं, एकात बटण. बाईने मग आठवून सांगितलं की करडा, जाड, कोपराला ठिगळाचा कोट गेल्या आठवड्यातल्या थंडीच्या लाटेतच गेला. कोणी नेला? असं लिहून ठेवत नाहीत. येतात, अंगाला होतो का बघतात, घालून जातात.

ती बाहेर आली. मास्तर बस थांब्याच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा केली. ती बसली. रस्त्यावरून माणसं जात होती, पुष्कळांच्या अंगावर कोट होते, आणि ती प्रत्येकाच्या कोपराकडे बघत होती. कुठल्या तरी अनोळखी माणसाने कधीतरी खिशात हात घातला असेल, फ्लॅनेल उलगडलं असेल. त्याला वाटलं असेल, चांगली वस्तू मिळाली. किंवा घाबरून फेकूनही दिला असेल.

"मास्तर," ती म्हणाली, "मी तुम्हाला चिरंजीवाबद्दल कधीच काही सांगितलं नाही."

"मीही विचारलं नाही," मास्तर म्हणाले. "विचारावं की नको ते कळत नव्हतं."

ती सांगू लागली. अंधारखोलीपासून सुरू केलं, मग तिला वाटलं हे मधूनच आहे, म्हणून पुन्हा पहिल्यापासून, हॉटेलातल्या मोडक्या खुर्चीपासून. त्यांची बस आली, थांबली, दार उघडून कंडक्टरने दोघांकडे पाहिलं. मास्तरांनी त्याला हातानेच जायला सांगितलं.